नानांची काळी एक

"चढलो," नाना म्हणाले.

गुरुदासने हातातलं सोल्डरिंगचं हत्यार टेबलावर आपटलं. सकाळपासून सूर चढायची ही चौथी वेळ. "किती?"

"केसाएवढो. पण चढलो."

मालवणच्या बाजारात गुरुदासचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या महिन्यात तिथे रेडिओ सोडून बाकी सगळं चाललं होतं. गिऱ्हाइकं यायची, बंद पडलेले रेडिओ तसेच बघून तोंड वाकडं करून जायची. टेबलावर तारांचं जंजाळ, आणि त्यातून निघणारा एकच लांबलचक सूर.

दोन वर्षांपूर्वी गोव्याच्या एका बँडवाल्याचा जुना विलायती सिंथेसायझर दुरुस्तीला आला होता. गुरुदासने तो दुरुस्त तर केलाच, पण काहीबाही सबबी सांगत चार दिवस ठेवून घेतला आणि त्यातल्या ऑसिलेटरचा, म्हणजे सूर जिथे तयार होतो त्या भागाचा, नकाशा कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतला. कशाला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. ते यंदा कळलं.

श्रावणात त्याच्या वडिलांना, नानांना, अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, वाचा वाचली, डावा हात मात्र गेला. त्यावर ऊन चहा सांडला तरी त्यांना कळत नसे. गावात रवळनाथाच्या देवळात कार्तिकात सप्ताह असतो. सात दिवस अखंड भजन, वाडीवाडीची पाळी ठरलेली. नानांच्या वाडीच्या पाळीला अडतीस वर्षं पेटीवर नानाच, आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, कायम काळी एक. आता उजव्या हाताची बोटं चालली असती, पण भाता कोण हलवणार? गुरुदासने हलवून पाहिला. दुसऱ्याच ओळीला नानांनी हात काढून घेतला.

"दुसऱ्याच्या वाऱ्यार माका वाजवूक येणा नाय रे. माझो श्वास खंय थांबता ता तुका कसा कळतला?"

गावकऱ्यांचा निरोप आला होता. नाना बसले तर उत्तम, नाहीतर यंदापासून पेटी बाबलीकडे. बाबली नानांच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे वाईट तरी कोणाला म्हणायचं? पण एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून हा खटाटोप चालला होता, भात्याशिवाय वाजणाऱ्या पेटीचा. विलायती यंत्रात एका टोपीखाली जुळे ट्रान्झिस्टर होते. ते मुंबईतही मिळेनात. गुरुदासने साधे चाळीस मागवले, मोजून मोजून त्यातले दोन सारखे निवडले आणि पाठीला पाठ लावून चिकटवले. तरी ऊब लागली की सूर चढायचा. दुकानात सूर मोजायचं यंत्र नव्हतं. नाना होते. रोज सकाळी ते स्टुलावर येऊन बसत, डोळे मिटत आणि निकाल देत.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी ते सकाळपासून तीन वाजेपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग डोळे उघडून म्हणाले, "बरो आसा."

गुरुदासला रडूच आलं. या माणसाने जन्मात त्याला "बरो" म्हटलं नव्हतं.

पत्र्याचा डबा घेऊन देवासमोर बसणं नानांना शोभलं नसतं. म्हणून गुरुदासने सगळी करामत त्यांच्या जुन्या पेटीत बसवली, पट्ट्यांखाली तारा जोडल्या, अ‍ॅम्प्लिफायरही आतच घातला. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ट्रकची बॅटरी आणली. झाकण लावल्यावर आईने दर वर्षीप्रमाणे वर भरतकामाचं जाड वस्त्र पांघरलं. पेटी अगदी पहिल्यासारखी दिसू लागली.

सकाळी आठला वाडीची पाळी लागली. नानांनी उजवा हात ठेवला, काळी एक घुमली आणि बुवा लवू गायला लागला. लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. गुरुदास बापाच्या मागे बसला होता आणि उभ्या गावात त्याच्याइतकं सुखी कोणी नव्हतं.

नऊच्या सुमाराला नानांनी मान किंचित वळवली.

"चढलो."

गुरुदासने पेटीच्या कुशीला हात लावला. चटका बसला. दुकानात सगळं टेबलावर उघडं असायचं, वारं लागायचं. इथे अ‍ॅम्प्लिफायरची धग, बंद झाकण आणि वर आईचं वस्त्र. आपणच यंत्राला पांघरूण घातलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

"उघडू?"

"उघडून करतलंस काय? वाजता हा तोपर्यंत वाजांदे."

भजनी माणसं पेटीच्या मागून जातात. पेटी चढली तशी तीही चढत गेली, कोणाला पत्ताही नव्हता. लवूच्या मानेच्या शिरा फुगल्या. दहाला वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. शेजारच्याचाही. नानांनी एकदा लवूकडे पाहिलं आणि पट्ट्यांवरून हात उचलला.

भजन थांबलं नाही, थांबून चालणारच नव्हतं. गावकऱ्यांनी खूण केली तसा बाबली आपली पेटी घेऊन धावत आला. त्याने एक पट्टी दाबली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"नाना, सापडना नाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पांढरी दोनच्या वर, काळी दोनच्या खाली. मधीच अडाकले."

दोन पट्ट्यांच्या मधला सूर त्याच्या पेटीत नव्हताच, आणि चालू भजन खाली आणायचं तर ते तोडावं लागलं असतं. बाबलीने भात्यावरून हात काढला आणि मान खाली घालून बसला. पोरकी झालेली माणसं तशीच फाटक्या गळ्याने गात राहिली. ठेकाही डगमगू लागला.

"नाना," गुरुदास म्हणाला, "पुढच्या वर्सा मी..."

"पुढच्या वर्सा बाबली."

आवाजात राग नव्हता. राग असता तर गुरुदासला बरं वाटलं असतं.

नानांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला, मांडीवर उताणा ठेवला आणि त्यावर टाळी द्यायला सुरुवात केली. सावकाश, मोजून. लवूने डोळे उघडून तिकडे पाहिलं आणि ठेका पकडला. मागचे सावरले. पाळी संपायला अजून तासभर होता. नाना टाळी देत राहिले. डावा तळवा लाल झाला, मग सुजायला लागला. गुरुदासला ते बघवेना. नानांना ते कळतही नव्हतं.