पाहुण्याच्या पायाची बोटं

डोंगरातला नरभक्षक सिंह मारून आलेल्या वीराला घरच्या बाईनंच अंघोळ घालायची, ही राजवाड्याची रीत. म्हणून राणी दोरिक्ला स्वतः कढत पाणी घेऊन अंघोळीच्या दगडी डोणीपाशी बसली होती.

"हळू, राणीसरकार! तो सिंहसुद्धा एवढा तापट नव्हता," थ्रासीलस हसला.

राणीही हसली. राजा आर्खिदासनं शब्द दिला होता, सिंह मारील त्याला आपली मुलगी क्लिओमेदा. दुपारी लग्न होतं. पोरगा तिला आवडला होता.

मग तिनं त्याचा डावा पाय धुवायला घेतला आणि तिचे हात थांबले. शेवटची दोन बोटं एकमेकांना जुळलेली होती. तिच्या वडिलांची तशीच होती. आणि वीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या तिच्या बाळाची. ते मोठं होऊन बापाचा जीव घेईल, असं देल्फीच्या देववाणीनं सांगितलं, म्हणून ते डोंगरावर टाकलं गेलं होतं.

"तुझे आईबाप कोण रे?"

"देव जाणे. डोंगरावर सुरूच्या झाडाखाली सापडलो म्हणे, एका धनगराला. का हो?"

"ऊठ. कपडे घाल आणि मागच्या दारानं नीघ," ती घाईनं म्हणाली. "क्लिओमेदा तुझी बहीण आहे."

तो डोणीतून उठला. पण राणीची नजर त्याच्यामागे दारावर खिळली होती. आर्खिदास जावयाला बोलवायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. भिंतीला टेकलेला भाला त्यानं उचलला.

"बाजूला हो, दोरिक्ला." आवाज अगदी शांत होता. 

"अहो, पाहुणा आहे तो!"

"माझ्या घरचा घास अजून त्याच्या पोटात गेलेला नाही."

खरंच होतं. घास खाल्ला की पाहुणा देवराज झ्यूसच्या पदराखाली येतो, त्याआधी नाही. राणीनं न्याहारीसाठी ठेवलेल्या टोपलीतली जवाची भाकर ओढली आणि तुकडा मोडून थ्रासीलसच्या तोंडात कोंबला.

"गीळ! लवकर गीळ!"

भाल्याचं टोक छातीपासून हातभर होतं. त्याला घास गिळवेना. पाणी निथळत होतं, जबडा हलत होता. शेवटी गळ्याची घाटी खाली गेली.

राजानं ते पाहिलं. मुलाच्या भीतीपेक्षा झ्यूसची भीती मोठी ठरली. भाला खाली आला.

"माझ्या हद्दीबाहेर चालता हो. पुन्हा दिसलास तर झ्यूसलाही विचारणार नाही."

राणी वेशीपर्यंत त्याच्या मागोमाग धावली. मागून कुणी बाण सोडील या धास्तीनं ती त्याच्या पाठीशी चिकटून चालत होती. वेशीबाहेर तो थांबला.

"मला डोंगरावर नेऊन ठेवलं कुणी? राजानं?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिनं तोंड उघडलंही.

"मी," ती म्हणाली. "माझ्याच हातानं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तो उतार उतरू लागला. तो एकदा तरी वळेल म्हणून राणी उन्हात उभी राहिली, आणि वळला तर त्याच्या डोळ्यांत काय दिसेल, याची भीतीही तिला वाटत होती.

तो वळला नाही.