तिसरी उशी

"आडवं व्हा म्हणलं ना मावशी. बघता काय?"

सगुणाबाई बघत नव्हती, घाबरली होती. दोनशे चार नंबरची खोली, भर दुपार, पलंगावर पांढरी चादर आणि चादरीवर ओळीनं तीन उशा. लातूरच्या या लॉजमध्ये एकतीस वर्षं तिनं गाद्या घातल्या, चादरी ताणल्या, उशा थापल्या. पण एकदाही गादीवर टेकली नव्हती. जुने मालक वीरण्णाअप्पा, त्यांचा पहिल्या दिवशीचा हुकूमच होता तसा. गादी गिऱ्हाइकाची, आपण तिच्यावर बसायचं नाही. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली. हुकूम कुठं जातोय.

"अप्पा काय म्हणले असते वैनी," ती म्हणाली.

"अप्पाचं मी बघून घेते," वर्षाराणी म्हणाली. ही अप्पांची सून. आता लॉज तीच चालवते. आता त्याला लॉज नाही, हॉटेल म्हणायचं. "अठ्ठेचाळीस उशा घ्यायच्यात. एकदा घेतल्या की दहा वर्षं बघायचं काम न्हाई. उशीतलं इथं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तिन्हीवर डोकं टेका आणि खरं काय ते सांगा."

दारात मॅनेजर आदिनाथ उभा होता, हातात टॅब. पुण्याला हॉटेलचा कोर्स करून आलेला. बोलणंही तिकडूनच आणलेलं, इस्त्री करून.

"मॅडम, तिसरीच घ्यावी लागणार आहे. लोकांनी नेटवर आपल्या उशांबद्दल काय लिहिलंय बघा ना. 'ही उशी आहे की वीट?'"

"मावशी सांगतील," वर्षाराणी म्हणाली आणि त्याला घेऊन बाहेर गेली. दार लागलं.

तिसरी उशी हैदराबादच्या कंपनीची होती. ती कंपनी नुसती उशी देऊन गप्प बसणारी नव्हती. चादरी तिच्या, धुणं तिचं, रोज सकाळी गाडी येणार आणि गाद्या घालायला बायकाही तिच्याच. म्हणजे तिसरी ठरली की सगुणाबाईचं काम संपलं. आदिनाथनं सकाळी जिन्यात सांगूनही टाकलं होतं, "तिसरी ठरली तर मावशी, तुम्हाला आरामच आराम." आराम! असल्या गोड शब्दाच्या एक कानफटात द्यावी.

सगुणाबाईनं चपला काढल्या. एक इकडं पडली, एक तिकडं. पदर नीट केला आणि देवळाची पायरी चढावी तशी पलंगावर चढली.

पहिली उशी कापसाची. डोकं ठेवलं आणि तिला हसूच आलं. ही तर ओळखीची. ती जळकोटहून लेकीला घेऊन इथं आली तेव्हा सगळ्या उशा अशाच होत्या. दिवाळीआधी गच्चीवर पिंजारी बसायचा, आठ दिवस नाकातोंडात कापूस. वर्षभर लोकांची डोकी झेलून उशी दगड व्हायची, मग पुन्हा पिंजारी. पुढं तो यायचा बंद झाला आणि अप्पांनी फोमच्या तुकड्यांच्या उशा आणल्या. महिन्याभरात तुकडे एका कोपऱ्यात जमायचे. गिऱ्हाइकाची मान एकीकडं, उशी एकीकडं. दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या साली तर गडद फुलाफुलांच्या खोळी होत्या, मळ दिसू नये म्हणून. लोक तरी झोपायचे बिचारे. सकाळी मान चोळत चहा मागायचे.

दुसरी उशी नव्या फोमची. डोकं आत गेलं ते गेलंच, गाऱ्यात पाय गेल्यासारखं. ही नको, तिनं मनात फुली मारली.

तिसरीला नावं ठेवायची हे तिनं आधीच ठरवलं होतं. फार मऊ म्हणायचं, गरम होते म्हणायचं, काहीतरी म्हणायचं. तिनं डोकं टेकवलं. मानेखाली कुणीतरी हात धरावा तसं वाटलं. सैल नाही, ताठ नाही. नांदेडच्या दवाखान्यात नर्स असलेली लेक सिंधू फोनवर सारखी म्हणायची, आई मान दाखव, मान दाखव. ती मान, वीस वर्षं आवळलेली, कडकड करत सुटली. बघू जरा, असं सगुणाबाई म्हणाली. म्हणजे म्हणायला घेतलं होतं. 'बघू' एवढंच झालं.

डोळे उघडले तेव्हा आरशावरचं ऊन दारापाशी गेलं होतं. पडदा कुणीतरी अर्धा ओढला होता. फॅन फुल्लवर होता तो हळू झाला होता. ती ताडकन उठली आणि पाय खाली टाकले तर चपला जोडीनं, तोंडं दाराकडं करून ठेवलेल्या. तिनं भराभर तिन्ही उशा ओळीत लावल्या आणि दार उघडलं. बाहेरच्या मुठीला पाटी लटकत होती. त्रास देऊ नका. ही पाटी बघून ती किती वेळा जिन्यातनं माघारी गेली होती. आज पाटीच्या आतल्या बाजूला ती होती.

समोरच खुर्ची टाकून वर्षाराणी मटार सोलत बसली होती. शेजारी आदिनाथ.

"चुकलं वैनी," सगुणाबाई म्हणाली. "किती वेळ झाला?"

"अडीच तास. घोरत बी होता जरा." वर्षाराणीनं शेंग मोडली. "मंग? कोणत्या उशीवर?"

उशा तर ओळीत लावलेल्या. पहिलीवर म्हणाली असती तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं, असं तिला वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण नुकतंच त्या उशीवरून उठलेलं अंग, ते काही खोटं बोलू देईना. मान अजूनही हलकी होती.

"तिसरी," ती म्हणाली. "तिसरीच घ्या वैनी. लई बेस हाय. गिऱ्हाईक दुवा देईल."

आदिनाथ टॅबवर बोट फिरवायला लागला. तो खूश होता, पण मावशीकडं बघत नव्हता.

"पण तिची खोळ घेऊ नका," सगुणाबाई म्हणाली.

"का? एवढी चकचकीत तर आहे," आदिनाथ म्हणाला.

ती आत गेली, उशी आणि पाण्याची बाटली घेऊन आली. चार थेंब खोळीवर टाकले. थेंब मण्यासारखे घरंगळले आणि फरशीवर पडले. मग चार थेंब स्वतःच्या सुती पदरावर टाकले. पदरानं ते पिऊन टाकले.

"मावशी, उशीवर पाणी कोण सांडतंय?"

"सांडत न्हाईत सर. आपल्याकडं कोण येतंय? जूनमधी बघा. क्लासला लेकरू टाकायला आई-बाप येतेत. एक रात लेकरू मधी घेऊन झोपतेत. दुसऱ्या दिवशी त्याला होस्टेलात सोडून दोघंच वापस येतेत, येष्टी सकाळची असती म्हणून. सकाळी मी खोळी काढते तवा वल्ल्या असतेत. आईची तर असतीच. बापाची बी असती." ती थांबली. "सिंधूला नांदेडला सोडून आले तवा माझी बी होती. ह्या असल्या खोळीवर गालाखाली पाणी तसंच राहील. सुती पाहिजे."



"तुम्ही कुठले सर?" सगुणाबाईनं विचारलं.

"मुखेड."

"क्लासला हितंच होता म्हणं."

आदिनाथनं टॅब बंद केला. "हाव," तो म्हणाला. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडातून गावाकडचा शब्द पडला. "आई-बाबा स्टँडजवळच्या लॉजवर राहिलते."

वर्षाराणीनं मटारचं ताट खाली ठेवलं. "सर, कंपनीला फोन लावा. उशा घेऊ, चादरी घेऊ. गाद्या त्यांच्या बायका घालतील, त्याला इलाज न्हाई, मावशीची मान बी आता गाद्या उचलायची न्हाई राहिली. पण खोळी आपल्या. कापड मावशी निवडतील, शिवतील, रोज बदलतील बी त्याच."

"कंपनी ऐकेल का?"

"अठ्ठेचाळीस उशा घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं न्हाई ऐकत तर दुसरी कंपनी बघा."

म्हणजे गाद्या गेल्या. चादरी गेल्या. उरल्या अठ्ठेचाळीस खोळी. सगुणाबाईनं मनात त्या उचलून बघितल्या. हलक्या होत्या. एका बाईला पुरतील एवढ्या होत्या.

"वैनी, एकतीस वर्षं गिऱ्हाईक जाताना 'बरं वाटलं मावशी' म्हणायचं. मला वाटायचं, चहाचं म्हणून राहिलंय. आज झोपल्यावर कळलं." तिनं मुठीवरची पाटी काढली, पुसली. "ही तुम्ही लावली?"

"हाव."

"अन् चपला?"

वर्षाराणीनं आदिनाथकडं बघितलं. आदिनाथ जिन्याकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

सगुणाबाई आत गेली, उशी पलंगावर ठेवली, चकचकीत खोळ उतरवली आणि कपाटातली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती खोळ काढली. खोळ घालायच्या आधी उशी थापायची, डोक्याचा खड्डा मोडायचा, ही एकतीस वर्षांची सवय. तिनं हात उचलला.

उशीवर खड्डाच नव्हता. ती आपली आपण वर आली होती, जणू तिच्यावर कुणी झोपलंच नव्हतं.

उचललेला हात तिनं जरा वेळ तसाच ठेवला. मग हळूच खाली आणला आणि खोळीचं तोंड उघडलं.