मागची रांग

अकोल्याचा तेलगिरणीवाला अकोटच्या दुकानदाराला गुरांसाठीची सरकीची ढेप उधारीवर देतो. दुकानदार बुडाला, तर गिरणीवाल्याची भरपाई आमची विमा कंपनी करते. म्हणून कोणाला किती उधारी पेलेल, हे आधी कोणीतरी त्याच्या गोदामात जाऊन पाहावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे मी, नागसेन. बँकेतून रिटायर, बायको गेलेली, स्वभावाने खडूस. ज्याचं गोदाम पाहायचं त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. नियम करणारा तीन वर्षं एकटा वरणभात शिजवून जेवलेला नसावा.

अकोटच्या दुकानदार खुशालरावांकडे हा नियम मी पाच वेळा मोडला. दर सहा महिन्यांनी एसटीतून उतरलो की ते दुकानातूनच विचारायचे, "काहून उशीर केला?" मला उशीर झाला हे कळणारा तेवढा एकच माणूस उरला होता. तेही विधुर. भाकर आणि वांग्याची भाजी स्वतः करायचे. तिखट फार झालं म्हटलं की म्हणायचे, "मंग नका खाऊ." दोघंही पोटभर जेवायचो.

पोत्यावर बुक्की मारून पाहायची, ही माझी पद्धत. ढेपीचं पोतं बुक्कीला दबत नाही. इतरांकडे मी शेवटच्या रांगेपर्यंत जायचो, खुशालरावांकडे दारातली रांग पाहून मोकळा व्हायचो. मित्राची झडती घ्यायला लाज वाटायची.

सहाव्या खेपेला त्यांनी आधी ताट वाढलं. "जेवून घ्या, नागसेनभाऊ. मंग मांगची रांग पाहा."

"काय हाय मांगं?"

"कुटार. मागच्या खेपेपासून तेच भरून ठेवलं हाय. गिरणीवाला आता आणखी दोन ट्रक पाठवून राहिला. मी त बुडूनच राहिलो, पन मंग तुमालेच जाब द्या लागन."

माझं डोकं फिरलं. "मागच्या खेपेले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुमी पुन्हा आले नसते."

मी ताट सरकवून उठलो. मागच्या पोत्यावर बुक्की मारली, हात मनगटापर्यंत भुसकटात रुतला. त्याच संध्याकाळी रिपोर्टात लिहिलं, उधारीची मर्यादा शून्य. ट्रक थांबले. राग ओसरायला आठवडा लागला, पण लाज काही जाईना. रिपोर्ट लिहून झाल्यावर काय तोंड घेऊन जाणार? फोनही केला नाही.

सहा महिने झाले तेव्हा काही काम नसताना अकोटची एसटी पकडली. दुकानाला कुलूप होतं.

"ते लेकीकडे तेल्हाऱ्याले गेले," शेजारचा पानवाला म्हणाला. "दुकान बंद झालं तरी दोन महिने एसटीच्या टायमाले इथंच उभे राहत. कोन आलं होतं म्हनून सांगू?"

मला नाव सांगवेना.

"उशीर झाला, एवढं सांगा," मी म्हणालो.