मागे न जाणारी बोट

एकोणीसशे शहाऐंशी साली आमच्या गावच्या दूध संस्थेने एक जुनी मोटारबोट विकत घेतली. पाऊस न झाल्याचं ते सलग दुसरं वर्ष. विहिरीत बादली सोडली तर खाली दगड वाजायचा, आणि आम्ही बोट घेतली. उमापूरच्या बाजारात अनोळखी बायासुद्धा मला थांबवून विचारायच्या, "खरं हाय का वं, तुमच्या गावानं बोट घेतली म्हणं?" खरं आहे म्हटलं की त्या आधी माझ्याकडे बघायच्या आणि मग आभाळाकडे.

पण बोटीची गरज खरीच होती. आमच्या गावाच्या आणि उमापूरच्या सडकेच्या मधे सरकारी तळं होतं. दुष्काळात ते आटून निम्मं झालं होतं, तरी मधे हत्ती बुडेल एवढं पाणी होतंच. डेअरीचा टेम्पो तळ्याला लांबचा वळसा घालून आमच्यापर्यंत यायचा. त्या वर्षी डेअरीने कळवलं, की तुमचं दूध उरलंय थोडं आणि डिझेल लागतं जास्त. टेम्पो यापुढे पलीकडे तळ्याच्या बांधावर थांबेल, सकाळी आठच्या आत दूध तुम्ही तिथे पोचवा. महिनाभर बघू, नाही जमलं तर केंद्र बंद.

केंद्र म्हणजे पंचाक्षरी आप्पांच्या दुकानाचा ओटा. आप्पा पेठेतले वाणी, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरं शुभ्र धोतर-सदरा. ते संस्थेचे चेअरमन. मी सचिव, कारण अंबाजोगाईला शिकून आलेली सून गावात मी एकटीच. आमची घरं खालच्या वस्तीत, बौद्धवाड्यात. संस्था निघाली तेव्हा पहिली काही वर्षं वस्तीचं दूध एका कॅनमध्ये आणि पेठेचं दुसऱ्या कॅनमध्ये जात होतं. मग एक दिवस आप्पाच म्हणाले, "दोन कॅनचं भाडं कोन देनार? वता सगळं एकात." समाजसुधारणा करायची म्हणून ते असं बोलले, असं मी कधीच म्हणणार नाही. पण तेव्हापासून मालनबाईच्या म्हशीचं दूध आणि आप्पांच्या गायीचं दूध एकाच कॅनमध्ये पडायला लागलं, आणि ते पडताना मी रोज बघत होते. केंद्र बंद पडलं असतं तर पैसा गेलाच असता, पण तो कॅनही गेला असता, आणि तो पुन्हा आला नसता. मला भीती होती ती त्याची.

बोट शोधून काढली माझा धाकटा दीर जालिंदर याने. तो विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. विहिरी आटल्यावर त्याला काम उरलं नव्हतं, आणि इंजिनाचा आवाज कानावर पडला नाही की त्याला जेवण गोड लागत नसे. पैठणकडच्या एका मासळीच्या ठेकेदाराने धंदा गुंडाळला होता, त्याची पत्र्याची बोट विकायला होती. आप्पा, जालिंदर आणि मी एस.टी.ने ती बघायला गेलो.

बोट ठेकेदाराच्या परड्यात विटांवर ठेवलेली होती. आप्पांनी बैल बघतात तशी तिच्याभोवती एक फेरी मारली, पुढून बघितली, मागून बघितली, पाठीवर थाप मारली. जालिंदर सरळ आत चढला आणि इंजिनाशेजारी बसला. आमच्या विहिरींवर असायचं तसलंच इंजिन होतं. त्याने हँडल मारलं, ते पहिल्या दणक्यात सुरू झालं आणि मागचा पंखा हवेत गरगर फिरायला लागला.

"वहिनी, बघा की कशी तालात बोलती!" जालिंदर ओरडला. लग्नात नवरीकडेसुद्धा त्याने असं बघितलं नव्हतं.

"जुन्या चालीची हाय," ठेकेदार म्हणाला. "इंजन अन् पंखा एकाच दांड्यावर. मदी गिअरची कटकटच न्हाई."

"कटकट न्हाई ते बरं," आप्पा म्हणाले.

मीही मान हलवली. मला वाटलं, जेवढं कमी तेवढं बिघडायला कमी.

ट्रकमधून बोट गावात आली तेव्हा माझी मोठी जाऊ मालनबाई वेशीत उभी होती. तिचे मालक ऊसतोडीला गेलते, गावातली निम्मी गडीमाणसं गेलती. मालनबाईने बोट खालपासून वरपर्यंत बघितली आणि विचारलं, "भावजी, पानी कुठं ठिवलंय हिचं? का ते मागच्या ट्रकात येनार हाय?"

"तुमाला बसवूनच न्हेनार न्हाई मोठ्या वहिनी," जालिंदर म्हणाला.

"मला बसायचं आसंल तर माझी रंगी हाय." रंगी म्हणजे तिची म्हैस.

पहिल्या सकाळी बोट बाभळीला बांधली, कॅन चढवले, जालिंदरने हँडल मारलं. पंखा फिरायला लागताच बोट दोर तोडायला निघाली. "सोडा, सोडा!" तो ओरडला, मी दोर सोडला, आणि ती अशी सुटली की मागे काठावर टाळ्या पडल्या. पलीकडे बांधाला दगडाची उतरण होती. तिथे टेम्पोचा ड्रायव्हर बंकट काडीने दात घासत बसला होता. जालिंदरने इंजिन बंद करायला अंमळ उशीर केला. बोट दगडांवर खडखडत चढली आणि बंकट काडीसकट वर पळाला.

"काय बे जालिंदर, टेम्पोत घालतू का काय बोट?"

पण दूध वेळेवर पोचलं. रिकामी बोट दोघांनी ढकलताच दगडाच्या उतरणीवरून सहज पाण्यात घसरली. परत येताना जालिंदरने बोट आमच्या काठाच्या चिखलात ऐटीत घुसवली, आणि सगळ्या गावाने त्याला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन चढवून झाले. बोटीचं तोंड गावाकडे होतं, तळं तिच्या पाठीशी होतं.

"घे मागं," आप्पा म्हणाले.

जालिंदर इंजिनाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा इंजिनाकडे.

"मागं कशी जाती ही?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा," जालिंदर हळूच म्हणाला, "मागं जायचं आपलं ठरलंच नव्हतं."

आता हसू येतं, पण कुणालाच कसं सुचलं नाही याचं उत्तर सोपं आहे. पाण्याचं इंजिन मागे जात नाही, पिठाची गिरणी मागे फिरत नाही, बैलगाडी वळवून घ्यायची असते. मागे जाताना आम्ही फक्त एस.टी. बघितली होती, आणि तिला मागे न्यायला कंडक्टरची शिट्टी लागते एवढंच आम्हाला माहीत होतं.

वस्तीत उरले होते म्हातारे आणि बाया. वस्तीतल्या आम्ही चारपाच जणींनी ढकलून बघितलं, पण लोखंडी बोट हलायला तयार नव्हती. पेठेतली माणसं वर कोरड्यात उभी राहून सल्ले देत होती. शेजारी पाण्यात रंगी डुंबत होती. जालिंदरला काय सुचलं कोण जाणे, त्याने बोटीच्या मागच्या कडीचा दोर नेऊन तिच्या गळ्यात अडकवला.

"आवं भावजी, माझी म्हैस कावून जुपता? ती काय बैल हाय?" मालनबाई ओरडत पाण्यात शिरली. रंगीला सोडवायला म्हणून मालनबाई वळसा घालून पलीकडे कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि रंगी तिच्यामागे निघाली. बोट सुरकन मागे सरकली.

झालं. रंगी हा आमचा मागचा गिअर झाला. रोज पहाटे मालनबाईने पेंडीचं टोपलं डोक्यावर धरून पाण्यात उभं राहायचं, "ये गं माझी बाय," म्हणायचं, रंगीने यायचं आणि बोटीने तिच्यामागे यायचं. मग दोर सोडायचा, बोट फिरवायची आणि जालिंदरने हँडल मारायचं. मालनबाईने आप्पांपुढे अटी घातल्या. पेंड संस्थेने द्यायची ही पहिली. दुसरी आप्पांना जड गेली.

"मला म्हैसवाली म्हनायचं न्हाई. डायवर म्हनायचं. पुढचे डायवर भावजी, मागची डायवर मी."

"डायवरनीबाई," आप्पा म्हणाले, "उद्या येळंवर या."

असा तो महिना चालला होता. पाणी रोज थोडं मागे सरत होतं आणि चिखल रोज थोडा वाढत होता. महिना संपला तो जयंतीच्या आठवड्यात. त्या शेवटच्या सकाळी डेअरीचे साहेब स्वतः बांधावर येऊन केंद्राचं काय ते ठरवणार होते. आप्पांनी ठेवणीतलं धोतर नेसलं. त्यांना साहेबांशी बोलायचं होतं. धोतराला चिखल लागू नये म्हणून जालिंदरने त्यांना पाठंगुळी घेऊन बोटीत कॅनशेजारी बसवलं. चेअरमन जाणार म्हणून सगळं गाव काठावर जमलं होतं, पेठ वरच्या बाजूला आणि वस्ती खालच्या.

आणि रंगी बसली. दोर गळ्यात घालून ती चिखलात अशी बसली, जशी काही जन्मापासून तिथेच होती. मालनबाईने पेंड दाखवली. रंगीने मान लांब करून पेंड खाल्ली आणि पुन्हा डोळे मिटले.

"ऊठ गं, साहेब आलेत!" जालिंदर म्हणाला.

"तिला काय साहेबाचं," मालनबाई म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता. पलीकडे बांधावर टेम्पो येऊन उभा राहिलेला दिसत होता. मालनबाईने पेंडीचं टोपलं फेकलं, म्हशीला सोडलं, बोटीच्या पुढे आली आणि खांदा लावला.

"बगता काय वरून? दूध काय एकल्या आमचंच हाय का आत?"

वरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यांत आधी उतरल्या नीलम्मा, आप्पांची बायको. त्या कधी वस्तीच्या बाजूला आलेल्या मी बघितल्या नव्हत्या. त्यांनी लुगडं खोचलं, गुडघाभर चिखलात शिरल्या आणि मालनबाईच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

"नेट लावा वं," त्या म्हणाल्या. "दुधाचं वजन न्हाई एवढं. हे आत बसलेत त्यांचंच जास्त हाय."

आतून आप्पा म्हणाले, "मी सगळं ऐकायलोय."

"ऐका की. ऐकून हलके हुता का बगा."

मग पेठ उतरली. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने हात लावला. जालिंदर मधोमध होता. बोट आधी हललीच नाही आणि मग एकदम गेली. ती अशी गेली की आम्ही सगळे, पेठ आणि वस्ती, तोंडावर चिखलात. मी डोळे पुसून बघितलं तर बोट तळ्यात तरंगत होती, आत कॅन होते, आप्पा होते आणि जालिंदर माझ्या शेजारी चिखलात होता.

"आप्पा!" तो ओरडला. "हँडल मारा! वरची कळ दाबा अन् मारा!"

आप्पांनी आयुष्यात तराजूपलीकडे काही हलवलेलं नव्हतं. तरी त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, हँडल धरलं आणि महिनाभर बघितलेलं सगळं आठवून मारलं. इंजिन सुरू झालं. मधे गिअर नव्हताच, त्यामुळे बोटही त्याच क्षणी निघाली आणि आप्पा मागच्या मागे कॅनवर बसले. बोट वळवायचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते जिकडे जायचं तिकडे दांडा ढकलत होते, आणि बोट गोल फिरायला लागली. आमच्या समोरून जाताना ते ओरडले, "जालिंदर, थांबवायची कशी?" जालिंदरने उत्तर देईपर्यंत ते लांब गेले होते. पुन्हा आले, पुन्हा विचारलं, पुन्हा गेले. नीलम्मा पदर तोंडाला लावून हसत होत्या, की रडत होत्या, ते चिखलामुळे कळत नव्हतं.

पुढचं बंकटने मला नंतर सांगितलं. आठ वाजून गेले होते, त्याने टेम्पो सुरू केला होता. साहेब म्हणाले, "थांब रे, हे काय चाललंय?" पांढरं धोतर, भस्माचे पट्टे, एका हाताने कॅनला मिठी मारलेली, आणि बोट गोल गोल. साहेब खाली उतरले, दगडावर बसले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. घड्याळ कुणी बघितलंच नाही. जालिंदर डिझेल मोजकंच भरायचा, ते शेवटी संपलं आणि बोट बांधापासून थोडी अलीकडे थांबली. बंकट पोहत गेला आणि दोर बांधून तिला काठाला आणलं.

एवढं घुसळल्यावर कॅनमध्ये वर लोण्याचे कण आले होते. बंकटने तपासणीचं दूध वरूनच घेतलं. त्या दिवशी आमच्या दुधाला जेवढी फॅट लागली तेवढी आधी कधी लागली नव्हती.

"रोज असंच फिरवून आणत जा," साहेब म्हणाले. मग बांधावरून त्यांनी पलीकडे बघितलं. काठावर सगळं गाव चिखलाने माखून एका ओळीत उभं होतं. "एवढी माणसं कशासाठी आलीत?"

"दुधासाठी," आप्पा म्हणाले. लांबलचक भाषण पाठ करून आले होते, पण तेवढंच बोलता आलं. केंद्र चालू राहिलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, दूध वाढलं आणि टेम्पो पुन्हा गावात यायला लागला. जालिंदरने बोटीचं इंजिन काढून पिठाच्या गिरणीला जोडलं. त्याची मुलं आता पुण्याला मोटारींच्या कारखान्यात आहेत. तो गावातच असतो आणि गाडी मागे घेताना ती टींटीं वाजते तो आवाज त्याला मुळीच आवडत नाही. रंगीने नंतर तीन रेडकं दिली आणि पुन्हा कधी कुणाचं ओझं ओढलं नाही. बंकटने स्वतःचे दोन टेम्पो केले, मग एका सुगीत ते विकून शेती घेतली. दोन हजार बाराच्या दुष्काळात तो गेला. आप्पांच्या समोर बोटीचं नाव कुणी काढत नसे. ते गेले त्याला वीस वर्षं झाली. संस्था त्यांच्यानंतर काही वर्षं टिकली, मग खाजगी डेअऱ्या आल्या आणि ती बंद झाली. मी शेवटपर्यंत सचिव होते.

मालनबाई आता नव्वदीला टेकल्यात. नात अंबाजोगाईच्या दवाखान्यात नर्स आहे, तिच्याकडे राहतात. गेल्या वर्षी नीलम्मा गेल्या तेव्हा नातीने जाऊ नका म्हटलं तरी मालनबाई गाडी करून आल्या, आणि आमच्याकडे न उतरता दोन दिवस पेठेत नीलम्मांच्या घरीच राहिल्या.