कापशाची साखर

मुंग्या न्हाणीच्या मागून निघायच्या, भिंतीच्या कडेने वळायच्या आणि चुलीतली राख टाकायच्या कोपऱ्यात शिरायच्या. भाकरी थापता थापता धुरपदाबाई ती काळी रेघ बघत होती. त्या राखेत कापशा मुतायला जायचा. कापशा म्हणजे घरातला पांढरा बोका. अलीकडे तो गाईच्या हौदावर वाकून नुसतं पाणी पीत राहायचा. खायचा दोन मांजरांचं, आणि पाठीचं हाड मात्र हाताला टोचायचं.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "बोक्याले साखर झाली."

तोतारामआबा बाजेवर बसले होते. त्यांची साखरही अशीच सापडली होती, न्हाणीत मुंग्या लागल्या तेव्हा. तेव्हापासून त्यांना रोज सकाळी इन्सुलिनची सुई घ्यावी लागे.

"माह्या मांडीवर बसून बसून लागली त्याले," ते हसले. "दुसरं काय होतं माह्यापाशी त्याले द्यायले?"

हसले खरे, पण हात बोक्याच्या पाठीवर तसाच थांबला. आबांच्या डोळ्यांपुढे आता कायम धुकं असायचं. केळीची बाग त्यांना उभ्या केलेल्या हिरव्या पाण्यासारखी दिसे. त्या पाण्यात एकच वस्तू नीट दिसायची, ती म्हणजे पुढे चालणारा कापशा. तो पांढरा ठिपका धरून ते रोज बागेत जात, खोडांना हात लावत, परत येत. हातात काठी घ्यायला ते तयार नव्हते. कापशा गेला की हा माणूस बाजेवरून उठणार नाही, हे धुरपदाबाईला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं टोपली घेऊन जळगावच्या गाडीत बसली. कंडक्टरने टोपलीला कान लावला.

"कोंबडी हाये का मावशी?"

"बोका हाये. साखरेचा."

"गोड बोका!" कंडक्टर म्हणाला, आणि नशिराबाद येईपर्यंत सगळी गाडी हसत राहिली.

जनावरांच्या दवाखान्यात बैल आणि म्हशी बांधलेल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कापशाला तपासलं, आबांनाही दोन प्रश्न विचारले, मग म्हणाले, "मांजराला हे औषध मी अजून दिलेलं नाही. पण देऊन बघू. आबांच्याच बाटलीतलं, अगदी थोडं. मात्र आधी रोज लघवी तपासायची. निळ्या औषधात उकळा. लाल झाली तर साखर भरपूर, हिरवी झाली तर थोडी. निळीच राहिली तर सुई द्यायची नाही. काही झालं तरी नाही."

घरी निळ्या औषधाची बाटली होतीच, आबांसाठीची. प्रश्न होता बोक्याची लघवी धरायची कशी. राख सगळी पिऊन टाकायची. ताटली ठेवली तर कापशा तिच्याकडे पाठ करून निघून जायचा. शेवटी धुरपदाबाईने केळीचं कोवळं पान आणलं, राखेवर उतरतं पसरलं आणि त्यावर राखेची चिमूट भुरभुरली. कापशाने पान हुंगलं, थोडं उकरलं, आणि डोळे अर्धे मिटून बसला. मधल्या शिरेच्या पन्हाळीतून धार खाली वाटीत आली.

"केयीनं बोक्याले बी सोडलं नाही," आबा म्हणाले.

मग रोजची सकाळ तशीच होऊ लागली. चुलीवर पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात दोन काचेच्या नळ्या उभ्या. एक आबांची, एक कापशाची. कापशाच्या नळीला लाल दोरा बांधलेला. दोन्हींत तेच निळं, पहाटेच्या आभाळासारखं. पाणी खदखदू लागलं की ते निळं हळूच हलायचं, जसं कुणी झोपेत कूस बदलावी. मग तळातून हिरवं वर यायचं, हिरव्यात पिवळं मिसळायचं, आणि कधी कधी सगळी नळी विटेसारखी होऊन जायची. आबा त्या नळ्यांकडे तोंड करून बसत.

"काय दिसून राह्यलं?"

"तुमची पिकलेली केयी. त्याची कच्ची."

"म्हन्जे तो माह्यापेक्षा शहाणा."

दिवस जात तशी कापशाची नळी हिरव्यावरच टिकू लागली. त्याची पाठ भरू लागली. सुई टोचताना तो नुसता कान हलवायचा.

आबांची विधवा बहीण बेबाबाई शेजारच्याच घरात राहायची. रोज दारात उभी राहून हा खेळ बघायची.

"मानसं मुक्ताईनगरच्या दवाखान्यात रांगेत बसतात, अन् इथं बोक्याले सुई," ती म्हणायची. "वैनी, उद्या त्याले चष्मा बी लावजा."

"लावते. तुमचा जुना द्या."

"माह्या चष्म्यातून त्याले तुमचा सैपाक दिसीन, अन् घर सोडून जाईन बिचारा."

पण दूध उतू जायच्या आधी त्यातलं वाटीभर बाजूला काढून ती कापशालाच ठेवायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

श्रावण लागला. आभाळ खाली उतरून बागेच्या डोक्यावर बसलं. पानांवरून पाणी ठिबकत राही, आणि ठिबकण्याचा तो आवाज ऐकत घर दिवसभर पेंगायचं. त्याच आठवड्यात निळं औषध संपलं. मुक्ताईनगरच्या दुकानदाराने सांगितलं, जळगावहून माल यायचा आहे, थांबा. आबा म्हणाले, माझं चालेल, मला माझ्या अंगाचं कळतं. बोक्याचं काय?

धुरपदाबाईने राखेच्या कोपऱ्याकडे बघितलं. मुंग्यांनीच तर पहिल्यांदा सांगितलं होतं, आणि खरं सांगितलं होतं. मुंग्या आल्या तर साखर आहे, सुई द्यायची. नाही आल्या तर थांबायचं. आबांनाही ते पटलं.

मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. पावसात सगळ्या जगाच्या मुंग्या कोरड्या जागी जातात म्हणावं, तर या तीन पदरांनी राखेत उतरत होत्या. साखर वाढली, असं धुरपदाबाई म्हणाली. आबा म्हणाले, "मंग थोडी वाढव." तिने सुईत जरा जास्त भरलं.

कापशा शांत झाला. पाण्यासाठी हौदावर जाईना. दिवसभर धान्याच्या कोठीवर पसरून राहायचा, एक पाय खाली लोंबत. उतरताना मागचे पाय जरा पाठीमागे राहायचे, जणू त्यांना यायचं नव्हतं. घर पेंगत होतं, बोकाही पेंगत होता. पावसाळी हवा म्हणून कुणाला त्यात वेगळं वाटलं नाही.

मग एका दुपारी आबांनी बागेत जायला म्हणून हाक मारली, आणि पांढरं काही हललं नाही.

धुरपदाबाईने त्याला कोठीवरून उचललं. मान हातावरून ओघळली. डोळे उघडे होते, पण ते घराच्या पलीकडे कुठेतरी बघत होते.

"झोपला हाये," ती म्हणाली. आवाज तिलाच खोटा वाटला.

"आण इकडं." आबांनी त्याला मांडीवर घेतलं, कान चाचपले, पंजे चाचपले. थंड. कातडीखाली बारीक थरथर. "ही झोप नाही. या झोपीत मी जाऊन आलो. साखर उतरली त्याची. गूळ आण, पान्यात कालव. पय!"

ती धावली. आबांनी बोट गुळाच्या पाण्यात बुडवून कापशाच्या हिरड्यांवर फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. आणि बोलत राहिले, त्याच्याशी की स्वतःशी कळत नव्हतं. "मले माहीत हाये तू कुठी हायेस. बागेत कुनीतरी पानी सोडलं, अन् ते गुडघ्याइतलं आलं, कंबरेइतलं आलं, अन् गरम बी नाही, थंड बी नाही. चांगलं वाटते तिथं. बसावं वाटते. बसू नको, बापा. त्या पान्यात बसू नको."

तेवढ्यात बेबाबाई मागच्या दाराने आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं. बोक्याला बघून मूठ उघडली, आणि जमिनीवर पीठ सांडलं. पिठात साखरेचे दाणे चमकत होते.

"हे काय?" धुरपदाबाईने विचारलं.

"श्रावण हाये ना वैनी. मुंग्याईले घालून राह्यली. आपली माय घालायची तसं." तिने पदर तोंडाला लावला. "तिथं राखेपाशी लय जमतात, म्हनून तिथंच टाकते. याच्याच नावानं टाकते व. एवढे जीव जेवले तर याचं दुखनं जाईन म्हनून."

राखेच्या रंगात पीठ दिसलंच नव्हतं. धुरपदाबाईने बोलायला तोंड उघडलं, तर बेबाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिने गुळाच्या पाण्याची वाटी नणंदेच्या हातात दिली.

"रडू नका. बोट बुडवा. यांचा हात दुखून गेला असंन."

मग तिघंही आळीपाळीने. बाहेर पाऊस तसाच, पानांवरून पाणी तसंच ठिबकत. दुपार पुढे सरकते की नाही हे कळत नव्हतं. सगळं घर त्या गुडघाभर पाण्यात उभं असल्यासारखं. बेबाबाई बोक्याच्या कानाशी पुटपुटत होती, तुला चष्मा नको, काही नको, तू नुसता ऊठ. आबा दर थोड्या वेळाने विचारत, "हाये का?" आणि धुरपदाबाई त्याच्या छातीला हात लावून म्हणायची, "हाये."

बऱ्याच वेळाने कापशाच्या जिभेचं टोक बाहेर आलं. गुळाचं बोट त्याने चाटलं. मग चावलं.

"आई!" बेबाबाई ओरडली. बोटातून रक्त आलं होतं, आणि ती हसत होती, रडतही होती. "चावला मेला! वैनी, चावला!"

धुरपदाबाईने दुधात भाकरी कुस्करून पुढे ठेवली. त्याने सगळी खाल्ली. पाय अजून लटपटत होते, तरी तो आबांच्या मांडीवरून उतरला, उंबरठ्यापर्यंत गेला आणि तिथे बसून पंजा चाटू लागला.

"आता सुई नाही," धुरपदाबाई म्हणाली. "निळं औषध येईपर्यंत नाही. मुंग्याईले मी विचारनार बी नाही."

"मी जाते उद्या जळगावले, घेऊन येते," बेबाबाई म्हणाली. पदराची चिंधी तिने बोटाला गुंडाळली होती.

"हाये का?" आबांनी पुन्हा विचारलं.

धुरपदाबाई सांगणार होती, पण थांबली. आबा बाजेच्या कडेवर पुढे सरकले होते. पावसाळी उजेडात दाराचा चौकोन त्यांच्यापुढे हिरवा पसरला होता, आणि त्यांची मान हळूहळू उंबरठ्याकडे वळली.

"राहू दे," ते म्हणाले. "दिसला."