पत्त्याची दोन पानं

माणसारख्या गावात बिलियर्डचं टेबल आहे म्हटलं की लोक हसायचे. आयटीवाल्यांना जमीन दिल्यावर दादासाहेबांनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या क्लबातून ते बारा फुटी धूड उचलून आणलं, आणि त्याच्याबरोबर मार्कर म्हणून मलाही. सात वर्षं मी रोज हिरव्या कापडावरून ब्रश फिरवला, पाणसळ ठेवून टेबल सपाट आहे ना ते पाहिलं, खेळणाऱ्यांचे गुण मांडले. २००६ उजाडेपर्यंत खेळणारेच उरले नाहीत. कंपनीतली पोरं डोकावायची आणि विचारायची, काका, छोटं पूल टेबल नाही का? माझ्या डोक्यात तिडीक जायची.

दादासाहेब अंथरुणाला खिळले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, ऋषिकेशकडे आला. त्याला टेबल होतं त्या हॉलच्या जागी भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. टेबल बघायला कासार आंबोलीच्या बंगल्यातले स्वानंद देवधर रविवारी येणार होते. मला वाटलं, गिऱ्हाईक फिरलं तर टेबल जाणार कुठं? नुसतं हलवायला दहा माणसं लागतात. ऋषिकेश चार दिवस तणतणेल आणि गप्प बसेल.

म्हणून रविवारी सकाळी मी जीपचा जॅक लावून टेबलाचा एक पाय उचलला आणि खाली पत्त्याची दोन पानं सरकवली. उभ्या जन्मात असलं काम केलं नव्हतं.

देवधरांनी पांढरा बॉल एका टोकाला ठेवला आणि बोटानं हलकेच ढकलला. बॉल मध्यापर्यंत सरळ गेला. दोन पानं कमी पडली की काय! आणि लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मला टेबलाचा अभिमानच वाटला. मग शेवटच्या दोन फुटांत बॉल डावीकडे कलला आणि कडेला जाऊन टेकला. त्यांनी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच झालं. टेबल जुनं झालंय म्हणाले आणि चहाला न थांबता निघून गेले.

ऋषिकेश तणतणला नाही. त्यानं सरळ कोंडिबा गवंड्याला फोन लावला. "उद्या घण घिऊन ये. कापडाखाली दगडाच्या पाच लाद्या हायेत, धुण्याच्या दगडाला व्हतील."

मी सगळं कबूल केलं. त्याचा विश्वास बसेना, तेव्हा पुन्हा जॅक लावून पानं काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं माझ्यादेखत देवधरांना फोन केला. ते म्हणाले, फोन मार्करकडे द्या.

"टेबल तुम्हीच वाकडं केलंत?"

"व्हय साहेब. पर आता सरळ हाय."

"मग मी कुणाच्या शब्दावर घेऊ?"

मी फोन ऋषिकेशच्या हातात परत दिला.

महिन्याभरानं खोल्यांमागची मोरी तयार झाली. कोंडिबानं टेबलातली एक लादी तिथं बसवली आणि मला हाक मारली. "भिकाजीदादा, तुमची नजर चांगली. पानी जायला उतार बराबर हाय का, बगा."

खिशात लाल बॉल होता, तेवढाच मी ठेवून घेतला होता. लादीवर ठेवला. हात लावायचीही गरज पडली नाही, गडगडत गेला आणि गटाराच्या तोंडाशी थांबला.

"बराबर हाय," मी म्हणालो.