बाभळीची फळी

खडेमीठ.

इनामगावाजवळ, घोडनदीच्या काठी, वादळात आडवी झालेली एक बाभूळ.

दौंडहून निघालेला माणूस, उन्हं कलायच्या आत येतो म्हणालेला.

झिजून बशीसारखी झालेली स्क्रूची खाच.

हा सगळा गुंता एका पिकअपच्या हौद्यात होता, आणि रखमाजी त्यात गुडघे टेकून बसला होता.

नजर अधू झाल्यापासून त्याला गाडी चालवता येईना. दौंडच्या सोपानरावांना ती विकून झाली होती. हौद्यातल्या बाकीच्या फळ्या गेल्या तर जाऊ देत, मधली एक तेवढी त्याला हवी होती.

मेंढरं होती तेव्हा तळ नदीकाठी पडला असताना त्याची आणि गिताबाईची पहिली लेक गेली, अंगावर पिती. तिला बाभळीखाली पुरलं, आणि चारा संपला तसा तळ हलला. पुढं मेंढरं गेली, शिरूरजवळ घर झालं, पिकअप आली. बाभूळ पडल्याचं कळलं तेव्हा रखमाजीनं तिची फळी चिरून आणली आणि हौद्यात बसवली. धनगराची पोर एका जागी कशाला राहील?

बसवताना मात्र चुकला. मेंढरांच्या जाळीची मेख रोवताना त्याचा बाप खड्ड्यात मीठ टाकायचा, वाळवी लागू नये म्हणून. तसंच यानं स्क्रूच्या भोकांत मीठ चेपलं. वाळवी आली नाही. स्क्रू गंजून खालच्या पत्र्याशी एकजीव झाले.

वेल्डिंगवाल्यानं ज्योत लावून ते घटकेत सोडवले असते. पण फळी जळाली असती.

म्हणून करवतीच्या पात्यानं नव्या खाचा पाडल्या, रॉकेलचे थेंब सोडले. आता वाट बघायची. गंज रॉकेल पितो, सावकाश, कोकरानं प्यावं तसा. रखमाजी फळीशेजारी आडवा झाला.

गाडी उभी होती. तरी चालू लागली. लोकरीचा ओला वास आला, मागं कुठंतरी घंटा. नदी फाळक्यापर्यंत आली, आत डोकावली, माघारी गेली. फळीवर काहीतरी इवलं पालथं झालं आणि रांगत त्याच्या पंज्यापाशी आलं. हलवला तर जाईल, म्हणून त्यानं हात हलवला नाही. मुंग्या आल्या, तरी नाही.

गिताबाईनं पाय हलवून उठवलं. त्यानं जोर लावला. स्क्रू ढिम्म.

"अवं, मेख उपटताना आधी काय करता?" ती म्हणाली. "आत मारता न्हवं? मग ह्यो नुसता वढून कसा यील?"

त्यानं हातोडीचा ठोका दिला, स्क्रू केसभर आवळला. आत काहीतरी कुरकुरलं. मग उलटा फिरवला, आणि तो आला. एकेक करत सगळे आले. फळीची खालची बाजू अजून तांबूस होती.

सोपानराव आले तेव्हा फळी भिंतीला टेकवलेली होती. "आबा, गाडी देताय का तिची आतडी काढून ठिवताय?" ते हसले. रखमाजीनं दोन वाक्यांत सांगितलं. सोपानरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

गिताबाईनं विचारलं, गाडी कुठं कुठं जाईल. ते म्हणाले, बाजार असंल तिथं. पाटस, भिगवण, कांद्याच्या दिवसांत आणखी लांब.

ती फळीकडं बघत राहिली.

"मग तिला गाडीतच ऱ्हाऊ द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "आपून आता कुठं जानार? हितं भिताडाला टेकून काय बघंल ती?"

रखमाजी आतून नवे स्क्रू आणि ग्रीसचा डबा घेऊन आला. फळीचं दुसरं टोक सोपानरावांनी धरलं. कुणाला पुढं सोडवायचे झाले तर सुटावेत, इतपतच त्यानं ते आवळले.

पिकअप दौंडच्या रस्त्याला लागली. मागच्या फाळक्याचा खडखडाट रस्त्याकडचा ऊस संपेपर्यंत ऐकू येत होता.

तळ नदीकाठी होता तेव्हा लेकीचं बारसं पुढच्या मुक्कामी, कवठे येमाईला करायचं ठरलं होतं.